सोबतीला आलेली अक्का

त्या वर्षी मी अर्धवट जागी असल्यासारखी वावरत होते. पन्नाशी जवळ आली होती. पाळी कधी दोन-दोन महिने यायची नाही, कधी आली की जायचं नाव घ्यायची नाही. जालन्यातल्या कचेरीत टेबलाशी बसलेली असताना छातीतून वाफ निघायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची, आणि समोरचा माणूस बोलतोय ते विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू यायचं. मग घाम फुटायचा. घाम वाळला की पंख्याखाली हुडहुडी. रोजच्या माणसांची नावं जिभेवर येता येता विरून जायची. रात्री झोप नसायची आणि दुपारी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडायची. खिडकीबाहेरचा लिंब हलायला लागला की वाटायचं, आपण अजून माहेरी, धावड्यालाच आहोत, आई आता जेवायला हाक मारेल.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्या माझ्याच वयाच्या, सावकाश बोलणाऱ्या. म्हणाल्या, "हा आजार नाही, पाळी जाण्याचा काळ आहे. पण या वयात हाडं, रक्तदाब, साखर, छाती, गर्भाशयाचं तोंड, हे सगळं एकदा तपासून घ्यायला हवं. दुखत नसतं तेव्हाच बघायचं असतं. आणि पाळी वर्षभर पूर्ण थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थेंबभर असलं तरी लगेच यायचं." मी मान हलवली. त्यांच्या टेबलावरच्या काचेत पंखा गोल गोल फिरत होता, माझं निम्मं लक्ष तिथंच होतं.

माझी थोरली बहीण अक्का पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एकटीनं जाऊ नको. मी येते सोबतीला. कापूस वेचून झाला, घरी रिकामीच बसून राह्यले."

ती आली भोकरदनच्या एसटीनं, पिशवीभर शेवग्याच्या शेंगा घेऊन. दवाखान्याकडे जाताना रिक्षात माझा घाम पुसत म्हणाली, "तुझी पाळी आत्ता कुठं जाऊन राह्यली. माझी तं कव्हाच गेल्ती. आन आता पाहा, परत चालू झाली! मधी मधी डाग पडतो." पदराआड हसली. "शेतात राबनाऱ्या बाईचं अंग असंच असतंय. मी अजून जवान हाय."

मीही हसले. वाफ पुन्हा कानांकडे निघाली होती.

हाडांच्या तपासणीसाठी मला गादीवर उताणं निजवलं. "हलू नका," एवढंच सांगितलं. यंत्राचा पांढरा हात माझ्यावरून सरकत होता, ढग शेतावरून सरकतो तसा. खोली गार होती. कितीतरी दिवसांनी माझे डोळे मिटले. धावड्याच्या रानात ज्वारीची कणसं खुडून झाली होती, अक्का पुढं चालत होती आणि मी तिच्या परकराचं टोक धरून मागं. ऊन कोवळं होतं. आम्ही कुठं निघालो होतो ते माहीत नव्हतं, विचारावंसंही वाटत नव्हतं. मग ती वळली आणि रिक्षातल्याच हसण्यानं म्हणाली, "परत चालू झाली." त्याच क्षणी डॉक्टरांच्या त्या सावकाश आवाजातलं वाक्य मला ऐकू आलं: थेंबभर असलं तरी.

मी खडबडून जागी झाले. "हलू नका म्हटलं ना," बाहेरून आवाज आला.

अक्का बाकावर पाय वर घेऊन बसली होती. तिचा दंड धरून मी म्हणाले, "चल, तुलाही दाखवायचंय."

"मला? मी सोबत आल्ते. तपासनी तुझी हाय."

"ते डाग कधीपासून पडतात?"

तिनं बाकावरून पाय खाली सोडले. मग हळूच म्हणाली, "डाक्टर पिशवी काढतेत. गावात तिशीतल्या बायांच्या काढल्या, नंतर त्यायची कंबर बसली. मला न्हाई काढायची."

डॉक्टरांनी तिचं हे सगळं ऐकून घेतलं. "आज कुणी काहीच काढणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी फक्त बघू या." सोनोग्राफी झाली. पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालं होतं. मग अस्तराचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. अक्कानं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या मनगटावर उठले.

रिपोर्ट येईपर्यंत ती माझ्याकडेच राहिली. दिवस कसे गेले नीट आठवत नाही. ती शेंगा सोलत बसायची, मी तिच्याजवळ पडून राहायचे, आणि दुपार आमच्यावरून निघून जायची.

रिपोर्टात कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, त्या वाटेनं निघालेल्या होत्या. "आता मात्र मी काढा म्हणते," डॉक्टर अक्काला म्हणाल्या, "आणि का म्हणते ते सांगते." कागदावर चित्र काढून त्यांनी समजावलं. अक्कानं उलटसुलट खूप विचारलं. शेवटी म्हणाली, "बराबर हाय. मंग जल्दी करा."

ऑपरेशन नीट पार पडलं. काढलेल्या पिशवीच्या तपासणीतही वाईट काही निघालं नाही. माझी हाडं मात्र विरळ निघाली, रक्तदाबही वाढलेला. गोळ्या सुरू झाल्या आणि रोज चालायला सांगितलं.

अक्का हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही सकाळी मोती तलावाकडे जाऊ लागलो. ती हळू चालायची, मी तिच्याहून हळू. पाण्यावर धुकं असायचं, पलीकडचा काठ असून नसल्यासारखा. एकदा मला तिथंच वाफ आली. मी कठड्याला टेकले. अक्कानं पदरानं वारा घातला आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "मलाबी असंच व्हायचं गं. उभ्या रानात. कुनाला काय सांगावं, कळायचंच न्हाई."

"मला सांगायचं होतंस."

"तू तं लहान होतीस," ती म्हणाली.

मी कुठली लहान! पण तिच्या बोलण्यात इतकी खात्री होती की मलाही क्षणभर ते खरंच वाटलं. घाम वाळेपर्यंत तिच्या खांद्याला टेकून उभी राहिले. मग ती म्हणाली, आता गावी जाते, धाकट्या जावेलाही इकडं तपासायला घेऊन यायचंय.