हडंब्यावरचं तिसरं नाव

मावशीच्या उजव्या हाताची चार बोटं ज्या मशिनीत गेली, तिला तीन मालक होते. आठ दिवसांत एकही उरला नाही.

सोयाबीन मळायच्या मशिनीला आमच्याकडं हडंबा म्हणतात. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात तिघांनी मिळून तो घेतला. एकाचा ट्रॅक्टर, दुसरा मशीन चालवणार, तिसऱ्यानं, म्हणजे किराणा दुकानदारानं, पैसा घातला. हंगामाच्या कमाईचे सारखे तीन वाटे. हडंब्याच्या अंगावर पिवळ्या ऑइलपेंटनं तिघांची नावं.

मावशी एकटी राहते, दीड एकर स्वतः करते. तिच्या रानात मशीन आली त्या दिवशी त्यांचा एक गडी कमी होता. चालवणारा म्हणाला, "मावशी, तुमीच टाका की आत." तोंडावरचं झाकण त्यानं आधीच काढून ठेवलेलं, माल भराभर जावा म्हणून. पुढचं मी लिहीत नाही. चार वर्षं कळंबच्या कॉलेजात विद्यार्थी संघटनेची हस्तपत्रकं लिहिलीत, रक्त कसं लिहायचं ते मला येतं. मावशीचं लिहिणार नाही.

तिला दवाखान्यातून घरी आणलं आणि मी तिघांकडं गेले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ट्रॅक्टर माझा, मशीन न्हाय. ट्रॅक्टरनं काय केलं का तुझ्या मावशीला?" चालवणारा रडला. खरोखर रडला. डोक्यावर पत्रा आणि पत्र्यावर दगड, एवढीच त्याची इस्टेट. दुकानदार गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही.

"म्या त्या दिवशी येडेश्वरीला गेलतो. देवी साक्ष हाय."

"मग आणा देवीला कोर्टात," मी म्हणाले.

"लई बोलाया शिकलीस गं. आमची काय कंपनी हाय व्हय? कागद न्हाय, नोंदणी न्हाय. कशाची भागीदारी?"

दुसऱ्या दिवशी हडंबा पाहिला, तर तिसऱ्या नावावर लाल रंगाचा ताजा पट्टा.

खरं सांगते, मी गडबडले. 'भांडवलदार' हा शब्द मी किती वेळा छापला असेल, देव जाणे. पण भागीदारीला कागद लागतो की नाही, हे मला माहीत नव्हतं. कळंबच्या कोर्टात मोफत सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंनी ते सांगितलं. मिळून धंदा केला, नफा वाटून घेतला, की झाली भागीदारी. धंद्याच्या कामात एकानं हलगर्जी केली, तर भरपाई तिघांवर. आणि ती सगळीच्या सगळी कुणाही एकाकडून मागता येते. मग त्यानं बाकीच्या दोघांशी खुशाल भांडावं. नोंदणी नसेल तर त्यांना दुसऱ्यावर दावा लावायची अडचण. त्यांच्यावर दावा लावणाऱ्याला काही अडचण नाही.

"पण तो भागीदार होता, हे दाखवावं लागेल," बाई म्हणाल्या. "काही आहे का?"

होतं. माझ्याच मोबाइलमध्ये.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं पुजतात. यंदा त्या सकाळी, मावशीची बोटं जायच्या आधी, हडंब्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून तिघांत हुज्जत चाललेली. मी वाटेनं चालले होते. दुकानदारानं हाक मारली, "ए पोरी, जरा व्हिडिओ काढ. आन् ती माळ वर सरकव, माझं नाव झाकतंय." मी माळ सरकवली. मग तो छाती काढून म्हणाला, "पैसा माझा, वाटा माझा, पयला नारळ बी माझाच," आणि फोडला. मान घ्यायला पहिला नंबर. बोटं गेल्यावर म्हणे मी कोण!

मी वकिलाकडं गेल्याची खबर त्याला लागलीच. चार दिवसांनी तो घरी आला. हातात लिहून आणलेला कागद, कागदावर नोटांचं पुडकं. 'मशिनीशी माझा संबंध नाही. माणुसकीपोटी मदत केली आहे. पुढे कसलीही तक्रार राहणार नाही.' मावशीच्या हाताचं दुसरं ऑपरेशन बाकी होतं. ज्वारीची पेरणी तशीच पडली होती. माझी आई हळूच म्हणाली, "घे बाई. भांडून का बोटं येणारेत?" मी मावशीकडं पाहिलं. हात माझा नव्हता.

"अक्का, हितं अंगठा लाव," तो म्हणाला.

"चौथी शिकलीय मी. सही करते."

"मग कर सही."

मावशीनं बँडेजचा हात त्याच्यापुढं धरला. "ह्यानं?"

त्यानं नजर वळवली. वर म्हणतो कसा, "अंगठा तर शाबूत हाय की."

"हाय. तुमच्या कागदासाठी न्हाय ठेवला त्यो." ती माझ्याकडं वळली. "ते नारळाचं लाव गं."

मी लावलं. 'पैसा माझा, वाटा माझा...' घरभर त्याचाच आवाज. तो उठला. माणुसकी घेऊन आला होता, ती आठवणीनं उचलून खिशात घातली आणि गेला.

आता नोटीस तिघांनाही गेलीय. त्या रडणाऱ्यालाही, झाकण त्यानंच काढलं होतं. तिघांनी वेगवेगळी उत्तरं पाठवलीत, तिन्हींत दोष दुसऱ्याचा.

दाव्याच्या वकीलपत्रावर सही हवी होती. उरलेल्या हस्तपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मावशीनं डाव्या हातानं दहा दिवस नाव गिरवलं. माझा तो कागद आयुष्यात पहिल्यांदा कामी आला. कोर्टात वकीलबाई म्हणाल्या, "अंगठासुद्धा चालेल हो, अवघड होत असेल तर."

मावशीनं नाही म्हणून मान हलवली. एकेक अक्षर काढत राहिली. नाव वाकडंतिकडं झालं, खालच्या ओळीत घुसलं.

"नावच पायजे," ती म्हणाली. "त्येनं त्येचं पुसलं. म्या माझं लिवणार."