चालता पंप

पाण्याची तक्रार घेऊन कुणीही आलं, की उस्ताद हात वर करून म्हणायचे, "थांबा, आधी ऐकू द्या." म्हणायचे तक्रार करणाऱ्याला, पण ऐकायचं असायचं पाइपाचं. रस्त्यावर उकिडवं बसायचं, लांब पान्याचं एक टोक पाइपाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. भोवती जमलेली माणसंही उगीच गप्प व्हायची. मग उस्ताद उठून चार पावलं चालत आणि टाचेनं मातीत खूण करत. "हितं खणा." गळती बहुतेक वेळा तिथंच निघायची.

माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका लहान नगरपंचायतीत ते फिटर होते आणि मी पाणीपुरवठ्याचा कारकून. मस्टरवर त्यांचं नाव होतं, पण ते मी सोडून कुणी वाचत नसे. मुख्याधिकारीसुद्धा त्यांना उस्तादच म्हणत. ते मला भाऊसाहेब म्हणत, वयानं मी बारा वर्षांनी लहान असूनही.

एकदा एका सदस्यांनी घरासमोर पाणी मुरतंय म्हणून बोलावलं. उस्तादांनी कान लावला, उठले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, गळती न्हाई. पाणी तुमच्या बागंत चाललंय. लय खुशीत चाललंय." सदस्यांचा चेहरा उतरला. दोन दिवसांत त्यांनी ती चोरून घेतलेली जोडणी स्वतःच काढून टाकली. उस्तादांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी वही घेऊन शेजारी उभा होतो म्हणून मला कळली. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. दुसऱ्याची लाज राखायची त्यांना भारी काळजी असते.

त्या वर्षी आमच्याकडे पावसानं पाठ फिरवली होती. तलावात डबकं उरलेलं. गावाला सहा दिवसांनी पाणी मिळायचं, तेही लहान मोटारीवर. मोठा पंप तीन महिने झाकून ठेवला होता, कारण त्याला ओढायला पाणीच नव्हतं. आणि त्याच ऑगस्टमध्ये खाली सांगलीकडं कृष्णेनं पात्र सोडलं.

नदीकाठच्या एका नगरपालिकेतून फोन आला तो मीच घेतला. बोलणाऱ्या त्यांच्या पाणीपुरवठ्याच्या अभियंता बाई होत्या. नदीतून पाणी उचलायची त्यांची विहीर आठवडाभर पुराखाली होती. मोटारी गाळानं भरलेल्या. गावात छातीएवढं पाणी आणि प्यायला घोट नाही. "तुमच्याकडे एखादा जास्तीचा पंप आहे का? आठ दिवसांसाठी द्या. मी लेखी देते."

मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, "आपल्यालाच पाणी नाही आणि पंप कसला देताय?"

दाराशी उभे असलेले उस्ताद म्हणाले, "पाणी न्हाई म्हणूनच तर पंप रिकामा हाय."

पंप पाठवायचं ठरलं. बरोबर उस्तादांनी जायचं आणि मीही, कारण पंप ताब्यात देण्याची आणि परत आणण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली होती.

टेम्पोत पंपाशेजारी पिण्याच्या पाण्याचे दहा-बारा कॅन होते. उस्तादांच्या गल्लीतल्या बायकांनी सहा दिवसांच्या पाण्यातून भरून दिलेले. वडूजवरून कराडला उतरलो तेव्हा डावी-उजवीकडे हिरवागार ऊस, आणि पुढं गेल्यावर तोच ऊस चिखलात आडवा. उस्ताद खिडकीतून बघत होते. "एवढं पाणी," एवढंच म्हणाले.

गावातला पूर ओसरला होता. भिंतींवर डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. अभियंता बाई गुडघाभर गाळात उभ्या होत्या. त्यांचं स्वतःचं घरही पाण्यात गेलं होतं, हे मला त्यांच्या दोन फिटरांकडून कळलं. उस्तादांनी आधी एक कॅन उतरवला आणि पेला भरून त्यांच्या पुढं धरला. "ताई, आधी पाणी प्या. मग सांगा." बाई सलग तीन पेले प्यायल्या.

आमच्या पंपाच्या पायाची भोकं त्यांच्या चौथऱ्याच्या बोल्टांना जुळेनात. गावातली वर्कशॉपं सगळी बुडालेली. उस्तादांनी पुरात निखळून पडलेल्या एका फाटकाच्या लोखंडी पट्ट्या कापल्या, त्यांना नवी भोकं पाडली आणि मध्ये जोडपट्टी बसवली. ते दोन फिटर बरोबरीनं राबत होते. वीज आलेली नव्हती. जनरेटर पुण्याकडच्या कुठल्या तरी महापालिकेनं पाठवलेला होता. म्हणजे वीज एकाची, पंप दुसऱ्याचा आणि पाइप तिसऱ्याचा. दोन दिवसांनी पंप बसला.

बातमी पसरली आणि माणसं कळशा, बादल्या घेऊन जमली. बाईंनी झडप उघडायला सांगितली. उस्तादांनी हात वर केला.

"थांबा, आधी ऐकू द्या."

त्यांनी थोडाच वेळ पंप चालवून पाहिला आणि पाइपाच्या बाजूनं पाना टेकवत टेकवत ओढ्यापर्यंत गेले. परत आले ते मान हलवतच. "ओढ्यापाशी सांधा सुटलाय. सोडलं तर गटाराचा गाळ पाण्यात जाईल."

लोक चिडले. दहा दिवस तहानलेली माणसं ती. एक जण अंगावर धावून आला. "ज्यांच्या गावात पाणी नाही, ते आम्हाला पाणी शिकवणार?" उस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं आणि फावडं उचललं. थोड्या वेळानं तोच माणूस त्यांच्या शेजारी खणत होता. अर्धा दिवस खणल्यावर सांधा सापडला. बोट आत जाईल एवढी फट होती आणि वर काळा गाळ साचलेला.

संध्याकाळी चौकातल्या नळाला पाणी आलं. आधी गढूळ, मग तांबूस, मग स्वच्छ. बायका ओरडल्या, कुणी तरी शिट्टी वाजवली. उस्ताद एका बाजूच्या नळावर हात धूत होते. धुवून झाले तरी हात धारेखालीच होते. मग एकदम दचकून त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडं पाहिलं. "लय वाहू दिलं, भाऊसाहेब."

आता माझ्या वागण्याबद्दल. उस्ताद तिथंच थांबले, मी परत आलो. आठ दिवस झाले तसं मला टेम्पो घेऊन पंप आणायला पाठवलं. त्यांच्या मोटारी अजून दुरुस्तीहून आल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस मिळाले तर..." मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही. उस्तादांना म्हणालो, पंप सोडवा.

"चालता पंप मी सोडवणार न्हाई."

"उस्ताद, लेखी आदेश आहे."

"आदेश खरा. पर बघा की, पंप चालू हाय." जणू मला ऐकू येत नव्हतं, अशा आवाजात ते बोलले.

मी रिकामा टेम्पो घेऊन परतलो आणि अहवाल लिहिला. 'सदर कर्मचाऱ्याने नकार दिला.' लिहिलं ते खरंच होतं. पण मला त्यांच्या बाजूची एखादी ओळ लिहिता आली असती. ती मी लिहिली नाही. नोकरीत अशा न लिहिलेल्या ओळी फार असतात.

उस्ताद दोन आठवड्यांनी, पंप तिथंच चालता ठेवून, हात हलवत परत आले. त्यांच्या नावाची कारणे दाखवा नोटीस तयारच होती. टाइप मीच केली होती. ती हातात घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले.

"वाचून दाखवा."

मी वाचली.

"चांगली लिवलीया. आता उत्तर बी तुमीच लिवा. मला कुठं लिवता येतंय?"

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. 'पंप आपल्याकडे बंद होता. तिथे चालू आहे.' मी विचारलं, आणखी काही? थोडा विचार करून ते म्हणाले, "न्हाई. एवढंच घडलंय."

नेमका परतीचा पाऊस आमच्याकडं धो धो पडला. तलाव भरला आणि मोठा पंप गावात नाही! नगरपंचायतीच्या दारात घागरी आपटल्या गेल्या. लहान मोटार दिवसभर चालवून उस्ताद जमेल तेवढं पाणी ओढत होते. मोर्चात त्यांची बायकोही होती, सगळ्यात पुढं. "आवं, घरात पाणी न्हाई आन जगाला पंप वाटत सुटलाय ह्यो माणूस!" दाराशी बसलेले उस्ताद मान खाली घालून मोटारीचं जुनं बेअरिंग पुसत राहिले. मागून मला म्हणाले, "तिचं बी बरोबर हाय."

दहाव्या दिवशी नगरपंचायतीसमोर ट्रक थांबला. अभियंता बाई स्वतः पंप घेऊन आल्या होत्या. नवं बेअरिंग, नवा रंग, आणि बरोबर ते दोन फिटर. मुख्याधिकाऱ्यांनी आभाराचं पत्र पुढं केलं. बाई म्हणाल्या, "पत्र नंतर. पंप कुठं बसवायचा?" दोघं फिटर चार दिवस उस्तादांच्या घरी राहिले. पंप बसवून झाल्यावर आमच्या जुन्या वाहिनीतल्या तीन गळत्याही त्यांनी काढल्या. उस्तादांच्या बायकोनं त्यांना जाताना बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला.

पुढच्या सभेत दोन्ही गावांच्या सहकार्याचा ठराव झाला. त्यात दोन्ही मुख्याधिकाऱ्यांची नावं होती. नोटिशीवर 'दप्तरी दाखल' असा शेरा पडला. म्हणजे माफीही नाही, शिक्षाही नाही. मी एकदा म्हणालो, उस्ताद, ती रद्द करून घेऊ. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माझ्या नावचा तेवढाच कागद हाय हापिसात."

निवृत्त झाल्यावर दीड वर्षांनी ते गेले. सकाळी दूध आणायला निघाले आणि उंबऱ्यातच बसले, एवढंच घरचे सांगतात. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. नगरपंचायतीतून आम्ही सात-आठ जण होतो.

लोक पांगत असताना कब्रस्तानाच्या फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. चिखलानं माखलेल्या चपला, डोळे लाल. ते दोघं फिटर. बाईंची बदली झाली होती, पण उस्ताद गेल्याचा फोन त्यांनीच या दोघांना केला होता. रस्त्यात टायर पंक्चर झाल्यानं यांना उशीर झाला होता. मी त्यांना आत नेलं. ताज्या मातीपाशी ते हात जोडून उभे राहिले. मग धाकट्यानं जोडलेले हात सोडून, शेजारी दुआ मागणाऱ्यांकडं बघत, तशीच ओंजळ धरली.

बाहेर येताना फाटकाजवळच्या नळावर त्यांनी पाय धुतले. नळ बंद केला तरी थेंब थेंब गळत होता. थोरल्यानं मला विचारलं, "हितला कॉक कुठाय?" मी दाखवला. त्यानं मोटारसायकलीच्या डिकीतून पाना काढला, धाकट्यानं खिशातून वायसर काढला, आणि दोघं खाली बसले. मी त्यांची हेल्मेटं धरून उभा राहिलो.