जे असेल ते तोंडावर बोला

दगडाच्या कारखान्यात मुकादमबाईला समोर सगळे अक्का म्हणत आणि पाठीमागे भोंगा. हे तिलाही ठाऊक होतं. एकदा कामाची पाळी सुरू होताना तिनेच सगळ्यांना सांगून टाकलं, की भोंगा म्हणा, खुशाल म्हणा, पण भोंगा वाजला की जागचं हलायचं. लाद्या कापणाऱ्या यंत्रांच्या वर आवाज चढवण्यात बावीस वर्षं गेली होती. त्यामुळे घरात तिने नुसतं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, बाई भांडतेय. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. होता तो एक धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ही सोळाची. त्याला तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवला, आणि शाळेत काही त्याचं लक्ष लागेना म्हणून आपल्याच कारखान्यात चिकटवला. क्रेनने उचललेली लादी हाताने धरायची, हळूहळू वळवायची आणि लोखंडी घोडीवर टेकवायची, हे त्याचं काम. म्हणजे वर टनभर दगड आणि खाली भाऊ. रोज सकाळी पहिली लादी वर गेली की अक्का हातातलं काम टाकून तिच्याकडेच बघत राहायची, आणि लादी टेकली की ती उगाचच कोणावर तरी खेकसायची.

कुजबुज तिला खपत नसे. भिंतीवर तिने हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं: जे असेल ते तोंडावर बोला. तिच्या जुन्या माणसांना ते मानवायचंही. ती माणसं तिच्याशी तावातावाने भांडत, तिच्या अकलेचा उद्धार करत, आणि दुपारी तिच्याच शेजारी बसून चहा पीत. घरातही नियम ठरलेला होता. कारखान्याचं बोलणं उंबऱ्याबाहेर, जेवताना तर अजिबात नाही. भाऊ निमूट ऐकायचा. अक्कापुढे त्याने कधी आवाज काढलाच नव्हता, तिने काढू दिला नव्हता म्हणा हवं तर.

मग दोन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडून चार माणसं कामाला आली. त्यातला वयाने मोठा होता तो साखळीवाला. रोज सकाळी क्रेनची साखळी जमिनीवर पसरून तो कडी न् कडी बोटांतून काढायचा, बाळाचा ताप बघावा तसा. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त बोलायचा नाही. अक्काने काहीही विचारलं की मान खाली आणि होकार. भिंतीला विचारलं असतं तर भिंत जास्त बोलली असती, असं ती सगळ्यांसमोर म्हणायची, आणि त्यावरही तो मान खाली घालून हसायचा.

माणसं टिकत नाहीत म्हणून मालकाने अक्काला तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. माणसांशी बोलावं कसं, ते तिथे शिकवणार होते. अक्काचं डोकंच फिरलं. बावीस वर्षं मी काय मुकी होते, असं तिने मालकाला विचारलं. पण मालकापुढे तिचाही आवाज एका मर्यादेपर्यंतच चढायचा. सोमवारी सकाळी निघता निघता तिने साखळीवाल्याला सगळ्यांदेखत विचारलं, साखळी ठीक आहे ना? त्याची मान खाली गेली आणि हलली. झालं, ती गेली. कोठीची किल्ली नेहमीसारखी तिच्या कमरेला होती, आणि नवी साखळी कोठीत होती.

शिबिर गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या खोलीत होतं. गोलात खुर्च्या मांडलेल्या. शिकवणारी पोरगी अक्काच्या निम्म्या वयाची. कोणी नुसता हुकूम सोडतो, कोणी सगळ्यांना विचारून ठरवतो, कोणी माणसांवर सोपवून मोकळा होतो, असं तिने फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, तुम्ही यातलं कोण? अक्का म्हणाली, "मी भोंगा." सगळे हसले, पोरगीही हसली. पण तिने भोंगा फळ्यावर लिहिला आणि पुढे विचारलं, की भोंग्याला कोणी काही सांगायचं झालं तर कसं सांगायचं? अक्काने किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत तोंड फिरवलं. चार बुकं शिकलेल्यांच्या या असल्या गोष्टी तिला पोरखेळ वाटत होत्या.

त्या संध्याकाळी जेवताना भाऊ म्हणाला, की साखळीवाला आज चहाला आपल्याजवळ येऊन बसला होता. मधली एक कडी ताणलीय, असं काहीतरी म्हणत होता. अक्काने ताटावरून मान वर केली. जेवताना काय ठरलंय आपलं, एवढंच तिने विचारलं आणि भाऊ गप्प झाला.

मंगळवारी संध्याकाळी त्याने पुन्हा विषय काढला, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. आजही तो आला होता, म्हणाला. मग अक्कालाच सांग ना, असं भावाने त्याला सुचवलंही होतं, तर तो खाली बघून हसला आणि म्हणाला, तुला सांगितलं ना. अक्का आता भडकलीच. सोमवारी तोंडावर विचारलं तेव्हा मान हलवली आणि आता पाठीमागे कागाळ्या? "त्याला तोंड नाही का?" ती म्हणाली. "खरंच काही असतं तर मला सांगितलं असतं." भावालाही ते पटलं. आपण उगाच घाबरत होतो असं त्याला वाटलं, आणि तो पोटभर जेवला.

बुधवारी पोरगीने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडे मोठं माणूस चुकत असेल तर त्याला ते कसं कळवतात? कोणी म्हणालं ओरडून, कोणी म्हणालं चिठ्ठी लिहून, कोणी म्हणालं कळवतच नाहीत, नोकरी सोडतात. अक्काच्या उजव्या हाताला कपडे धुण्याच्या कारखान्याचा एक मुकादम बसला होता. तीन दिवसांत तो चार वाक्यंही बोलला नव्हता. तो म्हणाला, की आमच्याकडे, डोंगरापलीकडे, वडीलधाऱ्यांना तोंडावर सांगणं म्हणजे त्यांचा अपमान. चारचौघांत तर मेलो तरी नाही. आम्ही त्यांच्या घरच्या धाकट्या माणसाला सांगतो. मग तो घरी, जेवताखाता, हळूच मोठ्याच्या कानावर घालतो. पोरगीने विचारलं, आणि तरी मोठ्याने ऐकलं नाही तर? तो म्हणाला, असं कसं होईल? घरच्या माणसाचं कोण ऐकत नाही?

अक्काने बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार. आणि आज बुधवार, अकरा वाजून गेलेले.

ती उठली ती थेट खालच्या कचेरीत गेली आणि तिने फोन हिसकावून कारखान्याचा नंबर फिरवला. फोन वाजत राहिला. लादी वर असताना फोन उचलायचा नाही, हा नियम तिचाच होता, आणि तो मोडला म्हणून तिने एकाला महिनाभर झाडू मारायला लावला होता. तिने पुन्हा फिरवला, पुन्हा फिरवला. मग मिळाली त्या गाडीत बसली. वाटेत गाडीवाला दोनदा मागे वळून म्हणाला की बाई, किल्ल्या आपटू नका.

कारखान्याच्या फाटकातूनच तिला कळलं. यंत्रं बंद होती. बावीस वर्षांत तिने तिथे दिवसाउजेडी शांतता ऐकली नव्हती. माणसं गोल करून उभी होती. गोलाच्या अलीकडे, जमिनीवर, नखशिखांत दगडाची भुकटी माखलेला भाऊ बसला होता. त्याचे दोन्ही हात होते, दोन्ही पाय होते. अक्काच्या तोंडून निघालं, "वाचला रे देवा." ती ते मोठ्याने म्हणाली, तिला हळू म्हणता येतच नव्हतं. ते सगळ्यांनी ऐकलं. गोलात उभ्या असलेल्या डोंगरापलीकडच्या बाकीच्या तिघांनीही ऐकलं, आणि मग ते बाजूला झाले तेव्हा तिला फुटलेली लादी दिसली आणि लादीखालून आलेला साखळीवाल्याचा हात दिसला. कडी उघडताना त्याने पाहिली होती. धावत येऊन त्याने भावाला ढकललं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी ते तिघं घरी आले. अक्कासमोर बसले, पाणी प्यायले, तिच्या तब्येतीची चौकशी केली. साखळीवाल्याचा विषय कोणी काढला नाही. मग भावाला घेऊन जिन्याशी गेले. दाराआड बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं आणि अक्का जागची हलली नाही. भाऊ एकटा परत आला.

"काय म्हणाले?"

"विचारत होते, निरोप तुझ्यापर्यंत पोचला होता का."

"मग?"

"मी म्हणालो, नाही. म्हटलं, मीच सांगायचं विसरलो."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी स्वतःच्या मनाने ठरवलं होतं, आणि तेही तिला वाचवायला. अक्काला एक क्षण, खरं सांगायचं तर एक क्षणच, बरं वाटलं. मग तिला आठवलं की उद्यापासून कारखाना सुरू होतोय. साखळी आता त्या तिघांच्या हातात असणार होती, आणि साखळीखाली, त्यांच्या लेखी निरोप विसरलेला भाऊ.

ती धडाधड जिना उतरली. ते तिघं अजून फाटकाशीच होते. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्यातला सगळ्यात धाकटा मागे रेंगाळला होता. ती त्याच्यासमोर नाही, त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत, जमेल तितक्या हळू म्हणाली, "निरोप पोचला होता. दोनदा. माझ्या भावाने सांगितलं होतं, मीच त्याला गप्प केलं."

पुढच्या दोघांची पाठ तिच्याकडे होती. ते थांबले, पण वळले नाहीत. धाकट्याने मान खाली घातली आणि हलवली. मग तिघं चालायला लागले. अक्का फाटकाशी उभी राहिली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय, हे तिला अजूनही कळत नव्हतं, आणि ज्याला विचारावं असा माणूस आता राहिला नव्हता.