बुधवारचा उपास

कोजागिरीनंतरच्या मंगळवारी सकाळी सात वाजता माझ्या नणंदबाई तुळजापूरच्या रस्त्यावर पळता पळता खाली बसल्या. त्या परत उठल्या नाहीत.

देवाने माणसांना भीती वाटून दिली, त्या दिवशी वन्सं बहुतेक पळायला गेल्या असाव्यात आणि घरात मी एकटीच सापडले म्हणून त्यांचाही वाटा माझ्याच पदरात टाकला गेला असावा. मी कुत्र्याला भिते, प्रेशर कुकरला भिते, शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून माझं पोट दुखतं. वन्सं कशालाच भीत नव्हत्या. एकदा न्हाणीघरात धामण निघाली, तर मी आणि माझे यजमान रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. वन्संनी तिला, "सरक बाई, मला डूटीला उशीर व्हायलाय," असं सांगितलं आणि बादली भरून घेतली. धामण सरकली की नाही ते मला माहीत नाही. वन्सं आंघोळ करून, केसांना तेल लावून, खाकी कपडे घालून वेळेवर डेपोत गेल्या एवढं खरं.

त्या एसटीत कंडक्टर होत्या. नवरा लवकर गेला, माहेरी धाराशिवला आल्या आणि धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, घराचा आधार होऊन राहिल्या. अंगाने भरभक्कम. बाकड्यांमधल्या वाटेने त्या तिकिटं फाडत यायला लागल्या की दोन्हीकडचे उतारू न सांगता खिडकीकडे सरकत. पहाटेची पहिली गाडी चुकू नये म्हणून एकदा घरापासून डेपोपर्यंत पळाल्या, गाडी मिळाली, पण पाय काही थांबायला तयार होईनात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून त्या पळत राहिल्या. सुरुवातीला डेपोपर्यंत, मग गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत आणि दोन-तीन वर्षांत तुळजापूरपर्यंत. जाऊन-येऊन मॅरेथॉन होते असा त्यांचा हिशेब होता आणि सुट्टीच्या दिवशी त्या तो चुकता करत. अंगात पंजाबी ड्रेस, वर भावाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, पायात पांढरे बूट, खिशात खारका आणि शेंगदाण्याचा लाडू. निघण्याआधी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, दही आणि ठेचा. पहाटे चारला मी झोपेत भाकरी थापायची आणि म्हणायची, वन्सं, पळण्याआधी एवढं खाऊ नये असं पुस्तकात लिहिलंय. त्या म्हणत, "पुस्तक लिवणारा तुळजापूरचा चढ चढलाय का? पोटात न्हाय तर पायात कुठनं येईल?"

लोकांची तोंडं मात्र चालूच असत. बायका दारात उभ्या राहून विचारत, रोज एवढं पळता, मग वजन जातं कुठं? वन्सं न थांबता सांगत, "जातंय कुठं? सोबत घिऊनच पळते. घरी कुणापाशी ठिवू?" एकदा त्यांची गाडी चढावर बंद पडली. मागच्या बाकड्यावरचा एक जण म्हणाला, बाई उतरल्या तर गाडी हलकी होऊन आपोआप चालू होईल. सगळी गाडी हसली. वन्सं उतरल्या, तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच ठेवून पुढच्या गावापर्यंत पळत गेल्या आणि मेकॅनिक घेऊन आल्या. तो फटफटीवर आणि या मागून पळत. बसा की मागं, असं तो म्हणाला होता म्हणे. त्यांनी त्याला सांगितलं, "नगं, तुझ्या टायरात हवा कमी हाय." मोठ्या शहरातल्या शर्यतीला गेल्या तेव्हा नंबराचे कागद वाटणाऱ्या पोराने त्यांना वरून खाली पाहिलं आणि तीन किलोमीटर चालणाऱ्यांची रांग पलीकडे आहे म्हणून सांगितलं. वन्संनी त्याच्याकडून बेचाळीसचा कागद घेतला, पळून आल्या आणि परत त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, रांग सापडली म्हणून सांगायला. तिथे मिळालेला शर्ट बायकांच्या सगळ्यात मोठ्या मापाचा होता. तो त्यांच्या दंडाच्या वर गेला नाही. घरी आल्यावर त्यांनी तो आमच्या मिक्सरला घातला. "बघ मास्तरीण, ह्याला कसा बसलाय. म्हंजे माप मिक्सरचं घेतलंय."

मी हसत असे, पण मला त्या पळत असतानाचे ते चार-पाच तास सरत नसत. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, भरधाव जीपगाड्या. मी पुस्तक उघडून दारात बसायची आणि एकच पान वाचत राहायची. मला किती भीती वाटते हे कळल्यावर त्यांनी तुळजापूरला पोचून फोनची एक रिंग द्यायची पद्धत पाडली. एकच रिंग, उचलायची नाही. ती वाजली की मी पान उलटायची.

नवरात्राच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गल्लोगल्लीची पोरं तुळजापूरला जातात, देवीपुढे ज्योत पेटवतात आणि हातोहात बदलत पळत आपापल्या मांडवात आणतात. मागून टेम्पो आणि त्यावर भोंगे. आमच्या गल्लीची पोरं थोडं पळून टेम्पोत बसत. वन्सं मात्र देवळापासून मांडवापर्यंत सलग पळत आणि निम्मी वाट ज्योत त्यांच्याच हातात असे. अकरा वर्षं असं चाललं. गल्लीतली म्हातारी माणसं त्या आल्या की ज्योतीच्या आधी त्यांच्या पायांवर पाणी घालत.

गेल्या वर्षाच्या आधीच्या नवरात्रात मंडळाचा अध्यक्ष बदलला. नवा मुलगा चांगला, माझ्याच हाताखाली शिकलेला. तो संध्याकाळी घरी आला, वन्संच्या पाया पडला, चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, यंदा ड्रोन लावून व्हिडिओ काढायचाय, सगळीकडं जाणार हाय. तुमी पळू नका, टेम्पोत म्होरं बसा. आरतीचं ताट तुमच्या हातात देतो. मान तुमचाच. म्होरं जरा पोरी-पोरं बारीक असली की व्हिडिओ चांगला दिसतो, एवढंच."

वन्संपाशी टोमण्याला उत्तर होतं. पाया पडून केलेल्या अपमानाला नव्हतं. त्यांनी त्याच्या बशीत अजून एक बिस्कीट ठेवलं आणि "बरं" म्हणाल्या. त्या वर्षी त्या टेम्पोत बसल्या नाहीत आणि पळाल्याही नाहीत. ज्योत मांडवात आली तेव्हा त्या ड्युटीवर होत्या.

दसरा झाल्यावर त्यांनी मंगळवार धरला. देवी उपाशी लेकीला पावत नाही असं म्हणणारी बाई उपास करते, याचं आम्हाला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. यजमान म्हणाले, ताईला उशिरा का होईना, देव आठवला. मग सोमवार आला, मग गुरुवार, शनिवार मारुतीचा, शुक्रवार, रविवार खंडोबाचा. एके दिवशी भाजी निवडताना त्यांनी मला विचारलं, मास्तरीण, बुधवार कुणाचा असतो गं? त्यांनी मला पुस्तकातलं काही विचारावं, असं अठरा वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. मला इतका आनंद झाला, की मी शाळेच्या कपाटातलं व्रतांचं जुनं पुस्तक काढलं, शेजारच्या गुरवाच्या घरून एक पोथी आणली, दोन दिवस शोधलं आणि विठ्ठलाचा बुधवार त्यांना कागदावर लिहून दिला. तो कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला.

सात वार पुरे झाले, हे मला तेव्हा दिसलं नाही. आमच्यासारख्या घरात जेवत नाही म्हणणाऱ्या बाईला दहा जण का म्हणून विचारतात. उपास आहे म्हणणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही, उलट तिच्या पुढ्यातून ताट उचलून तिला वाकून नमस्कार करतात.

वन्सं उतरत गेल्या. ज्या दारांतून टोमणे येत त्याच दारांतून आता कौतुक येऊ लागलं. आता कशा छान दिसता, काय खाता, आम्हालाही सांगा. वन्सं नुसत्या हसत. टोमण्याला त्या जे बोलायच्या ते ऐकायला मी आसुसले होते, पण कौतुकापुढे त्या मुक्या झाल्या होत्या. पळणं मात्र तेवढंच राहिलं, उलट वाढलं. चैत्रात त्यांना थंडी वाजायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. एकदा मी भाजीला निघाले असताना त्यांच्याच गाडीत चढले, तर त्या दोन्ही हातांनी दांडा धरून डोळे मिटून उभ्या होत्या आणि उतारू तिकिटासाठी हात पुढे करून थांबले होते. मला आयुष्यात अनेक भीती वाटल्या, त्या सगळ्या बहुतेक खोट्या निघाल्या. ही खरी आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि खऱ्या भीतीचं काय करायचं ते मला येत नव्हतं. उपास मोडा, असं मोठ्या नणंदेला सांगायचं कसं, यात मी दोन महिने घालवले.

शेवटी श्रावणात मी भाकरी, दही त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "वन्सं, आज थोडं खा."

"आज मंगळवार हाय."

"काल सोमवार होता."

"व्हय. अन् उद्या बुधवार," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "तूच तर शोधून दिलास."

मी रडायला लागले. मला भीती वाटते म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता. "येडी हायेस. नवरात्रापर्यंतच हाय हे. येकदा ज्योत हातात येऊ दे, मग तुझ्या म्होरं बसून दोन भाकरी खाते. लिवून देऊ का?"

नवरात्र आलं. अध्यक्ष स्वतः होऊन आला, पाया पडला आणि ज्योत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताईंच्या हातात, असं म्हणाला. वन्सं पळाल्या. वरून ड्रोन, मागून टेम्पो, फुलं, भोंगे. मी मांडवात उभी होते. त्या आल्या तेव्हा ज्योतीचा दांडा त्यांच्या मनगटापेक्षा जाड दिसत होता. लोक टाळ्या वाजवत होते. मी घरी पळत आले, आयुष्यात पहिल्यांदाच पळाले असेन, आणि भाकऱ्या थापल्या.

त्या माझ्यासमोर बसल्या. तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि हात तिथेच राहिला. कितीतरी वेळाने त्यांनी तो तुकडा खाल्ला आणि ताट सारलं.

"सुटंना गं आता," त्या म्हणाल्या. "खायला बसलं की वाटतंय, फिरून टेम्पोत बसवतील." मग भावाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "मला लई भ्या वाटायलंय, मास्तरीण."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी मी यजमानांना सगळं सांगितलं. आपण त्यांना मोठ्या दवाखान्यात दाखवू असं ठरलं. पण नवरात्रात उपास असलेल्या बाईला कसं न्यायचं म्हणून दसऱ्यानंतर, मग कोजागिरी झाल्यावर, बुधवारी जाऊ असं ठरलं. मंगळवारी पहाटे त्या पळायला गेल्या. मी दारात पुस्तक घेऊन बसले होते. फोन वाजला. एक रिंग झाली, दुसरी झाली, आणि तो वाजतच राहिला.

डॉक्टरांनी हृदय थांबलं असं सांगितलं. अंगात काही उरलंच नव्हतं, किती दिवसांपासून जेवत नव्हत्या, असं विचारलं. यजमान म्हणाले, उपास होते. डॉक्टरांनी कसले म्हणून विचारलं आणि आम्हा दोघांनाही ते सांगता आलं नाही. दहाव्याला अध्यक्ष आला होता. तो खरंच रडत होता. जाताना मला म्हणाला, बाई, शेवटी शेवटी ताई किती छान बारीक झाल्या होत्या. त्याला बोलण्याआधी मला स्वतःला बोलायचं पुष्कळ होतं, आणि अजून आहे.

आता आमच्या घरी उपास होत नाहीत. एकादशीलाही सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक होतो. मी आणि यजमान समोरासमोर बसतो, आणि एकमेकांच्या ताटाकडे बघत जेवतो.