पश्चिमेची खिडकी

वसईला आमच्या वाडीत घराचं तोंड कुठे करायचं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पश्चिमेलाच. दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटतो, केळी सळसळायला लागतात आणि उकाड्याने वैतागलेली माणसं पुन्हा एकमेकांशी नीट बोलायला लागतात. माझे बाबा तर पश्चिमेची खिडकी बंद दिसली की सरळ त्या घरी जाऊन सुनावायचे, ओळख असो नसो. आवाज असा खणखणीत की पलीकडच्या वाडीतला कुत्राही उठून बसे.

मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि घर गप्प झालं. माडावर चढायचं नाही, बागेत फावडं मारायचं नाही, चिडायचं तर मुळीच नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. बाबा ओटीवरच्या खुर्चीत बसून राहायचे. भाजीत मीठ नसलं तरी गुमान जेवायचे. आईला ते बघवेना. "आयुष्यभर म्हणत आले, जरा हळू बोला. आता काय सांगू, जरा ओरडा म्हणून?" असं म्हणून तिने पदराने डोळे पुसले. मलाही रडू आलं.

मी आर्किटेक्ट. तेव्हा नुकतंच एक काम आलं होतं: जैसलमेरच्या पलीकडे, वाळवंटात, पर्यटकांसाठी राहायच्या खोल्या. मालकीणबाई मोठ्या ठाम. एसी नाही, सिमेंट होईल तितकं कमी, नवं झाड तोडायचं नाही. भिंती तिथल्याच मातीच्या, हातभर जाड. आधी नमुन्याची एक खोली बांधायची आणि ती भर उन्हाळ्यात गार राहिली तरच बाकीच्या. आमचा फणस वादळात आडवा झाला होता. त्याच्या फळ्या चांदीप गावाजवळच्या सॉ मिलमध्ये पाडून आणल्या आणि बाबांच्या पुढ्यात टाकल्या. घरातले पलंग, कपाटं सगळं त्यांच्याच हातचं. म्हटलं, "मोठी खिडकी हवी आहे. नवं लाकूड चालणार नाही, आणि सुतार मला परवडणार नाही."

दुसऱ्या दिवशी रंधा माळ्यावरून खाली आला होता. सगळा हिवाळा ती खिडकी चालली. बोलणं अजूनही नाहीसारखंच. पण खुर्ची रिकामी असायची. आई त्या खुर्चीत बसून भाजी निवडायची.

आता ऐका आमची अक्कल! उन्हाचा सगळा विचार मी केला होता, पश्चिमेला खोल पडवी काढली होती. वाऱ्याचा विचार करावा लागतो हे मात्र डोक्यातच आलं नाही. आमच्या लेखी वारा पश्चिमेचाच, आणि चांगलाच! बाबांनी विचारलं, "पश्चिमेलाच ना?" मी म्हटलं, "मग काय!" दोघंही वसईचे. संपलं.

खिडकी ट्रकने गेली, नमुन्याच्या खोलीत बसली आणि मे महिन्यात मालकीणबाईंचा फोन आला. खिडकी फार देखणी आहे, म्हणाल्या, पण तिच्यातून लू येते, तो वाळवंटातला भाजणारा वारा, आणि अंथरुणावर वाळूचे ढीग पडतात. सध्या पत्रा ठोकून बंद केली आहे. फोन स्पीकरवर होता, कप्पाळ माझं! बाबांनी सगळं ऐकलं, रंधा पुसून पिशवीत घातला आणि जाऊन खुर्चीत बसले. पत्र्यामागे माझी चूक तर होतीच, पण बाबांचा तो अख्खा हिवाळाही होता. "उठा," मी म्हटलं, "जाऊन बघू." आईने आकांत केला. "छातीला टाके घातलेला माणूस वाळवंटात नेतेस?" डॉक्टरांनी उन्हात न जायच्या अटीवर होकार दिला, तेव्हा कुठे ती गप्प बसली.

तिथे पोचल्यावर बाबांनी पत्रा काढायला लावला आणि चहाचा कप घेऊन खिडकीसमोर बसले. वारा आला. भट्टीचं दार उघडावं तसा आला. चहावर वाळूची साय धरली.

"अरे, कोणत्या शहाण्याने लावली ही इथे?"

मी दचकलेच. तोच आवाज. गवंडी शिडीवरून खाली उतरला. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच म्हणालात, पश्चिमेला."

"मी म्हणालो आणि तू ऐकलंस? एवढी शिकलीस कशाला मग!"

स्वतःच्या हाताने त्यांनी झडपा उतरवल्या. पूर्वेला सावलीचं अंगण होतं, त्या भिंतीत खिडकी घ्यायची ठरली. पण तिथे चौकट उंच पडत होती. माझा जीव खालीवर होत होता, त्यांनी मात्र करवत मागितली आणि हिवाळाभर गुळगुळीत केलेलं ते लाकूड कचाकच कापलं. पश्चिमेची भिंत बंद केली. गरम हवा निघून जायला छताखाली लहान झरोके ठेवले. पुढच्या दुपारी मालकीणबाई त्या खोलीत पडून पाहायला म्हणून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. आल्या त्या विचारतच, बाकीच्या खिडक्या कोण करणार?

"कोण म्हणजे? मी!" बाबा म्हणाले. "पण भिंत बघितल्याशिवाय खिडकी करणार नाही. इथेच राहीन."

मी आईला फोन लावला. बाबा राहतो म्हणतात, हे एका दमात सांगून टाकलं.

"ओरडतात का?" तिने विचारलं.

"सकाळपासून. गवंड्यावर, माझ्यावर, मगाशी एका उंटावरसुद्धा."

"मग राहू दे त्यांना," आई म्हणाली. "गोळ्या मी कुरिअरने पाठवते."