धुण्याच्या दगडावरची नळी

अर्णव, सई — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही, आणि आता ते नाहीत. क्रमाने लिहायचं ठरवलं होतं. क्रम लागत नाही.

तुमची मोठी आजी — माझ्या थोरल्या जाऊबाई. तिरोड्याला सुट्टीत आलात, की त्यांच्या मानेवरचा आकसलेला डाग पाहून तुम्ही म्हणायचात, "मोठी आजी, पाइपाखाली बसू नको, धाकट्या आजीनं सांगितलंय ना?" त्या हसायच्या. मी? मी पोहे वाढत राहायचे.

न्हाणीत मोठा गिझर बसवला, तेव्हाची गोष्ट. पाणी फार तापून दाब वाढला, तर ते बाहेर सोडायला त्याला एक नळी असते. ती भिंतीबाहेरून खाली नालीपर्यंत न्यायची, माणसांच्या वावरापासून दूर. सोबतच्या इंग्रजी कागदात हे स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं. पण नाली पुढच्या अंगाला, आणि पुढची भिंत नुकतीच रंगवलेली — रंग मी निवडलेला. त्यावरून नळी जाणार? आजोबांनी विचारलं, "काय लिहिलंय?" घरातले इंग्रजी कागद मीच वाचायचे. मी म्हणाले, "कुठंही सोडली तरी चालते."

नळी मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, निघाली. धुण्याच्या दगडावर, कमरेइतक्या उंचीवर तिचं तोंड.

थंडीत तिच्यातून कोमट थेंब गळत. जाऊबाई खाली हात धरायच्या. "गरम पानी वाया जाऊन रायलं वं, बोटं तं शेकतेत." मी खिडकीतून रोज पाहायचे. एक वाक्य पुरलं असतं — का नाही बोलले? बोलले असते, तर मग नळी तिथं का, असं कुणीतरी विचारलं असतं.

एका सकाळी गिझर तापत गेला, आपोआप बंद झालाच नाही. जाऊबाई दगडावर लुगडं धूत बसल्या होत्या. उकळतं पाणी त्यांच्या मानेवर, पाठीवर आलं.

दवाखान्यात भासऱ्यांनी, म्हणजे तुमच्या मोठ्या आजोबांनी, विचारलं, "थे तिथं काऊन बसली होती?" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "मी बजावलं होतं त्यांना. ऐकलं नाही."

जाऊबाई पालथ्या पडलेल्या, पण शुद्धीत होत्या. त्या म्हणाल्या, "हो. सांगतलं होतं मालतीनं. माह्याच ध्यानात नाही रायलं."

मला वाचवलं त्यांनी? की एवढी शिकलेली बाई म्हणते म्हणजे सांगितलंच असेल, आपणच विसरलो — असं त्यांना खरंच वाटलं? मी कधी विचारलं नाही. नळी मात्र लगेच पुढच्या भिंतीवरून नालीपर्यंत नेली. वाईट दिसत नाही.

आता त्या खरोखरच विसरू लागल्या आहेत. जेवल्याचं विसरतात, माझं नाव विसरतात. परवा शेजारच्या सुनेला मान दाखवून सांगत होत्या, "इनं सांगतलं होतं वं. मीच आयकलं नाही." सून माझ्याकडे वळली.

मी मान डोलावली.

मी सांगितलं नव्हतं.