ठकीला दिसावं म्हणून

लोकांना वाटतं, माझ्या भावाला म्हातारपणी प्रसिद्धीची हौस आली. हौस कसली डोंबलाची! ज्याला गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ म्हणायची चोरी, तो माणूस मोबाइलसमोर बसून बोलायला लागतो, त्याला काही कारण असेल की नाही? कारण एकच होतं. त्याला त्याची मुलगी परत हवी होती. बाकी ते फॉलोअर आणि ते लाइक गेले चुलीत.

भाऊ वेताच्या खुर्च्या विणतो. रस्त्याच्या बाजूला दुकानाची खोली, मागे आमची राहायची खोली, मध्ये पडदा. मी त्याची थोरली बहीण. माझा संसार लवकर आटोपला, तेव्हापासून इथेच. फाटलेली खुर्ची आली की तो जुना वेत कापून काढतो, चौकटीची भोकं टोच्याने साफ करतो, नव्या पट्ट्या टबात भिजत घालतो. मग आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरक्या. ओला वेत ओढायचा, भोकात खुंटी ठोकायची, पुढे सरकायचं. सगळं मुक्याने. लहानपणी आई म्हणायची, याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पकड आणावी लागेल.

असा माणूस आयुष्यात एकदाच नको ते बोलला.

भावजय आजारी होती. तिचं जास्त झालं त्या दिवशी मुलगी, आमची ठकी, घरी नव्हती. तिची परीक्षा होती आणि तिच्या आईनेच तिला ढकलून पाठवली होती. “जा गं बाई, मी काय आजच मरत नाही,” असं म्हणाली होती. मी ऐकलंय, भावानेही ऐकलंय. ठकी परत आली तेव्हा सगळं संपलं होतं. दारात चपलाही काढल्या नव्हत्या पोरीने, आणि हा सगळ्यांच्या देखत तिला म्हणाला, “तू वेळेवर आली असतीस तर ती वाचली असती.”

दुःखात माणूस काहीही बोलतो, कबूल. पण हा एरवी काही बोलायचाच नाही ना! रोज बडबडणारा बाप असता तर पोरीने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. हिला बापाचं ते एवढंच वाक्य मिळालं. ती रडली नाही, भांडली नाही. काही दिवसांनी बॅग भरून निघून गेली. नंबर बदलला. कुणाच्या तरी फोनवरून मला एकदा निरोप आला, “आत्या, मी बरी आहे, नोकरी लागली, मला शोधू नका.” मी भावाला म्हटलं, बरी आहे ना, मग राहू दे तिला. त्याने नुसती खुंटी ठोकली. बाप तिला सॉरी म्हणायला तळमळत होता आणि म्हणायला ती समोर नव्हती.

शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणारी बाई मोठी हौशी. आपली मोडकी खुर्ची घेऊन आली आणि हा विणत असताना तिने त्याच्या हातांचा व्हिडिओ काढून टाकून दिला. दोन-चार दिवसांनी धावत आली. “काका, बघा तरी! लोकांना किती आवडलंय!” भावाने चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि विचारलं, “हे कुणाकुणाला दिसतं?”

“सगळ्यांना. जगात कुणालाही.”

“म्हणजे ठकीला पण?”

झेरॉक्सवाली जरा गडबडली. म्हणाली, “दिसू शकतं. जितके जास्त लोक बघतील तितकं पुढे पुढे जातं.”

झालं! त्या दिवसापासून हा माणूस झपाटला. झेरॉक्सवालीने त्याच्या नावाचं चॅनेल काढून दिलं, मोबाइल उभा करायला तिपाई आणली, आणि शाळेतल्या बाई शिकवतात तसं शिकवायला लागली. सुरुवातीलाच लोकांना थांबवलं पाहिजे, नाहीतर ते बोटाने वर ढकलून निघून जातात. उजेड तोंडावर पाहिजे, पाठीवर नको. रोज टाकायचं, खाडा नाही. आणि माझा भाऊ, ज्याने दुकानाची पाटी कधी रंगवली नाही, तो खिडकीपाशी पांढरा कागद लावून उजेड नीट पडतोय का ते बघायचा. फाटक्या बैठकीत आधी मूठ घालून दाखवायचा, म्हणजे लोक थांबतात. मला हसू यायचं.

व्हिडिओ टाकला की हा काम सोडून बघत बसायचा. पैशाचा तिथे एक छदाम नव्हता आणि याने विचारलंही नाही. हा नावं वाचायचा. कुणी बघितलं, कुणी लाइक केलं, एकेक नाव ओठ हलवत वाचायचा. “ताई, हे बघ, नुसतं फुलाचं चित्र आहे, ही ठकी असेल का?” मी म्हणायचे, “अरे, ठकीला फुलं कधी आवडली होती?” मग तो पुढचं नाव वाचायचा.

काही महिने आकडा वाढला, मग जो अडला तो हलेना. हा कासावीस. भल्या पहाटे उठून नव्या चौकटीवर नवी वीण घालायचा, लोकांना तीच तीच बघून कंटाळा आला असेल म्हणून. तरी आकडा तिथेच. झेरॉक्सवाली म्हणाली, “काका, नुसते हात लोक किती दिवस बघणार? तोंड दाखवा. बोला काहीतरी. तुमचं स्वतःचं.”

माझं डोकंच सणकलं. “त्याचं स्वतःचं काय आहे बोलण्यासारखं? जे आहे ते घरात राहू दे.”

भाऊ विणत राहिला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आपणहून तिपाई मांडली. मांडीवर खुर्ची आडवी घेतली, मान खाली, हात चालू. आणि बोलायला लागला. मी पडद्याआड भाजी निवडत होते, माझे हात थांबले. एवढं सलग मी त्याला जन्मात बोलताना ऐकलं नव्हतं. बायको कशी गेली ते सांगितलं. पोरीला काय म्हणालो ते सांगितलं, अगदी शब्द न् शब्द. चूक माझी होती, म्हणाला. तिच्या आईनेच तिला परीक्षेला पाठवलं होतं, म्हणाला. आणि शेवटी, “कुणाला ती दिसली तर सांगा, बाप वाट बघतोय. डाव्या भुवईवर खूण आहे. लहानपणी वेताची पट्टी सुटून लागली होती.” मग रडला. विणता विणताच रडला.

झेरॉक्सवालीचेही डोळे भरले. पण म्हणाली, “काका, लांब झालंय. मिनिटाच्या वर गेलं की लोक सोडून जातात. थोडं कापावं लागेल.” दोघं मोबाइलवर वाकून बसली. आणि भावाने स्वतः बोट ठेवून सांगितलं, “आईने पाठवलं होतं ते काढ.”

मी पडदा सारून बाहेर आले. “अरे, तेच तर महत्त्वाचं आहे!”

“ते ठकीला माहीतच आहे की,” तो म्हणाला. “भुवईची खूण लोकांना माहीत नाही.”

बघा म्हणजे! त्याच्या हिशोबी तो ठकीशीच बोलत होता. तिला जे माहीत आहे ते पुन्हा कशाला सांगायचं? बाकीचे म्हणजे त्याला आपली गल्ली. आमच्या गल्लीत कुणाचं पोर हरवलं की एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि पोर बखोटीला धरून घरी आणून देतात. मी म्हटलं, “अरे बाबा, ही काय आपली गल्ली आहे का? हे लोक तुला ओळखतात का, तिला ओळखतात का?” पण त्याने कधी नव्हे तो माझ्यावर आवाज चढवला. “ताई, मला दुसरा रस्ता सांग, मी हा सोडतो.” माझ्याकडे कुठे होता दुसरा रस्ता?

तो व्हिडिओ असा काही पसरला की विचारू नका. जे आजवर कधी झालं नाही ते दोन दिवसांत झालं. ‘वेतवाले बाबा’ असं नाव पडलं त्याचं. लोक रडणारी तोंडं पाठवत होते, हात जोडत होते. झेरॉक्सवालीने आनंदाने उड्या मारल्या. भाऊ हसत होता. खरंच, दात दिसेपर्यंत हसत होता. “आता तिला दिसणारच गं ताई,” असं दिवसातून दहादा म्हणायचा.

मग मी कमेंट वाचायला सुरुवात केली. याने चूक कबूल केली म्हणून हा देवमाणूस झाला. आणि जिच्यावर अन्याय झाला ती? ‘असा बाप सोडून गेली, काळीज आहे की दगड?’ ‘आई मरत होती तेव्हा ही बया कुठं उंडारत होती?’ ‘बाबा, तुम्ही खरं तेच बोललात.’ शेकड्यांनी असलं. हा जितका स्वतःला दोष देत होता तितके ते तिला शिव्या घालत होते.

भाऊ हादरला. काम टाकून एकेकाला उत्तर द्यायला बसला. एका बोटाने अक्षरं शोधत, “नाही हो, ती परीक्षेला गेली होती, चूक माझी आहे.” पुन्हा दुसऱ्याला तेच. जेवण गार व्हायचं, वेत टबात भिजून काळा पडायचा. झेरॉक्सवालीच शेवटी घाबरत घाबरत म्हणाली, “काका, उत्तरं देऊ नका. तुम्ही उत्तर दिलं की ते अजून लोकांसमोर जातं.” त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिला रडू फुटलं. पोरीची बाजू घेऊन घेऊन त्याने तो व्हिडिओ आणखी लांब पोचवला होता.

आणि मग ती सापडली.

कुठल्याशा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. कुणीतरी फ्रेम बघायच्या मिषाने गेलं आणि मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. “तूच ना वेतवाले बाबांची मुलगी? भुवईवर खूण आहे बघा! बाबा तिकडे रडतायत. आई मरत होती तेव्हा कुठं होतीस गं?” ठकीच्या हातात कुणाचा तरी चष्मा होता. तिने तो पुसला, डबीत ठेवला, डबी बंद केली आणि आत निघून गेली. एक शब्द बोलली नाही. बापावर गेलीय.

तो व्हिडिओ भावाला दाखवला तेव्हा मला वाटलं होतं, हा कोसळेल. पण तो आधी मुलीकडेच बघत राहिला. “बारीक झालीय गं,” म्हणाला. “केस कापलेत.” पुन्हा लावला, पुन्हा बघितला. किती वर्षांनी मुलीचं तोंड बघत होता तो! मग कधीतरी त्याला त्या माणसाचा प्रश्न ऐकू आला. तोपर्यंत त्याने तो ऐकलाच नव्हता. मोबाइल उपडा ठेवला त्याने आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, हे माझं वाक्य आहे.”

झेरॉक्सवालीने आमचा व्हिडिओ पुसून टाकला. त्याने काय होतंय? शंभर जणांनी उतरवून घेतला होता, त्याला गाणी लावली होती. तो फिरतच राहिला.

ठकीचा फोन माझ्या मोबाइलवर आला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “आत्या, बाबांना दे.” मी आवाज मोठा करून फोन त्याच्यासमोर धरला. त्याने फोनला दोन्ही हात लावले.

“बाबा, तुम्ही बोललात तेव्हा घरात चार माणसं होती,” ती म्हणाली. शांतपणे बोलत होती, तेच सहन होत नव्हतं. “मी ते कधी ना कधी विसरले असते. विसरत पण आले होते. आता दुकानात येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. मी काय सांगू त्यांना? आईने पाठवलं होतं म्हणून सांगू? मेलेल्या आईवर ढकलू?”

“ठकी...”

“मालकांनी मला येऊ नको म्हणून सांगितलंय. इथूनही जातेय मी. कुठे ते आत्यालाही सांगणार नाही.”

“पोरी, थांब,” भाऊ घाईघाईने म्हणाला. “मी दुसरा व्हिडिओ करतो. सगळं नीट सांगतो, आईनेच पाठवलं होतं असं सांगतो. सगळे ऐकतील, खूप लोक बघतात गं माझं...”

मग ती पहिल्यांदा रडली.

“पाया पडते तुमच्या, बाबा. नका करू.”

फोन ठेवला तिने. नंतर तो नंबरही लागला नाही.

भावाने तिपाई झेरॉक्सवालीला परत दिली. खिडकीचा कागद काढला. पण लोक काही ऐकेनात. अजून तिला शोधतच होते. अमक्या गावात दिसली, तमक्या स्टँडवर दिसली, कुणाच्याही पोरीचे फोटो टाकत होते. एके दिवशी संध्याकाळी एक जोडपं मोबाइल उगारूनच दुकानात शिरलं. “बाबा, आम्ही खास तुम्हाला भेटायला आलोय! मुलगी सापडली का? आम्ही पण शोधतोय.”

भावाने हातातला वेत खाली ठेवला. मोबाइलकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, “आली.”

“काय सांगता! कधी?”

“आली परत. सगळं मिटलं. आता कुणी शोधू नका तिला.”

“अय्या! मग दाखवा ना! दोघांचा एक फोटो...”

“लाजते ती,” भाऊ म्हणाला. “आत भांडी घासतेय.”

मी पडद्यामागे उभी होते. दुपारीच घासून पालथी घातलेली भांडी मी उचलली, मोरीत नेली, नळ सोडला आणि जोरजोरात वाजवत घासायला लागले. बाहेर ती दोघं टाळ्या वाजवत होती.